गळ्याचे आठ ठोकळे

नागपूर,
२२ मे १९६९

श्री. शालिकरामजी ठवकर, मु. कुही, यांस
वसंत हरकरे याचा सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो ऐकून घेणारा नागपुरात कोणी उरलेला नाही. माझ्या खिडकीला लावायची खसची ताटी नामंजूर झाली. गेली चार वर्षे नागनदी ग्लास वर्क्सचा खरेदी अधिकारी म्हणून मी पंधराशे अंशांत न वितळणाऱ्या वस्तू शोधून आणतो आहे. पंचेचाळीस अंशांत वितळणारी एकच वस्तू कारखान्यात आहे, ती म्हणजे मी, आणि माझ्या अस्तरासाठी कंपनीकडे तरतूद नाही. अर्जावर आमचे डायरेक्टर ताराचंदजी यांनी शेरा मारला, 'उन्हाळा संपत आला आहे.' हा शेरा त्यांनी कुलरसमोर बसून मारला. कागद ओलसर होता, त्यावरून ओळखले.

तर ते असो. तुम्ही चौसष्ट साली बांधलेली भट्टी या महिन्याच्या आरंभी विझवली. पाच वर्षे दोन महिने अखंड चालली. आतले अस्तर फोडताना तुमचे जावई रुपराव मला हात धरून घेऊन गेले आणि दाखवले, वीतभर जाडीच्या भिंती चार बोटांवर आल्या होत्या. 'मामांजीची भट्टी आहे,' असे म्हणाले. असा अभिमान माझ्या जावयाला माझ्याविषयी वाटावा म्हणून मी मुलगी व्हायची वाट पाहिली, पण तीही मागणी नामंजूर झाली.

आता नवे अस्तर. छताला सिलिका विटा, यात वाद नाही. प्रश्न भिंतींचा आणि गळ्याचा. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे गळा म्हणजे तो हातभर रुंदीचा बोगदा, ज्यातून वितळलेली काच मोठ्या हौदातून धाकट्या हौदात जाते. चूक असेल तर सांगा. या ठिकाणी परदेशी ओतीव ठोकळे दोन तऱ्हेचे मिळतात, साधे आणि भरीव. तिसरा पर्याय भंडाऱ्याकडच्या सिलिमनाइटचा, स्वस्त आणि स्वदेशी. तुमच्यासारख्या माणसाने काय निवडले असते? केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो. घाई नाही.

आपला,
वसंत हरकरे

*

कुही,
३० मे १९६९

हरकरे बाबूले शालिकरामचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. ताटीचं वाचून वाईट वाटलं. गोनपाट ओलं करून टांगा, मी तीस वर्स भट्टीपाशी तसंच केलं, मले कोनी शेरा नाई मारला.

आता जिज्ञासेचं. तुमच्या खरेदी खात्यानं मी नोकरीत होतो तवा एका पैशाची गोष्ट मले इचारली नाई. आता रिटायर होऊन तीन वर्स झाले अन् तुमी दोन पानं लिहून इचारून राहिले. काहून? पन इचारलं त सांगतो.

छताले सिलिका. भिंतीले साधा ओतीव चालते. सिलिमनाइट मागच्या धाकट्या हौदाले लावा, तिथं आच कमी. गळ्याले भरीवच. दुसरं काही नाई. सोनं देतो म्हने त सोनं नाई.

कारन सांगतो. हा ठोकळा म्हंजे दगड इतळवून साच्यात ओततात. गुळाची भेली थंडी झाली का मधात कसा खड्डा पडते, तसा याच्याही पोटात ओतायच्या तोंडाखाली पोकळी राह्यते. वरून दिसत नाई. भरीव ठोकळ्यात ते तोंडाकडचं पोकळ डोकं कापून फेकतात, म्हनून महाग. भिंतीत पोकळी बाहेरच्या बाजूले ठेवली का झालं. पन गळ्यात काच वरून, खालून, दोन्ही बाजूनं घासत जाते. एक दिवस घासत घासत पोकळीपाशी पोचली का मंग तो ठोकळा नाई, टरफल हाये.

छप्पन साली गळा फुटला तवा मातीचे ठोकळे होते. तुमी तवा कारखान्यात नोयते. समोर नत्थू होता, ठोकळे थंडे ठेवाले हवेचा पाइप धरून. काच पान्यासारखी नाई येत बाबू, मधासारखी येते, सावकास. मानूस म्हनते, आत्ता बाजूले होतो. तेवढ्यातच राह्यला तो. त्याची बायको पंचफुला अजून उमरेड रोडले राह्यते.

आता गळ्यापाशी हवेचा पाइप रुपराव पाहतो, हे तुमाले ठाऊक हायेच. माह्या पोरीले, गोपिकाले, सातवा महिना हाये. म्हनून लिहतो, कागदावर भरीव लिहलं असन तरी भरोसा ठेवू नका. वजन करा. पोकळी कागदाले फसवते, काट्याले नाई फसवत.

तुमचा,
शालिकराम

*

नागपूर,
१४ जून १९६९

शालिकरामजींस सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. गोणपाट टांगले. त्याच्या वासाने खात्यातले दोन कारकून दुसऱ्या खोलीत बसायला गेले. एवढी शांतता मला ताटीने मिळाली नसती.

सिलिकाच्या विटा आल्या, छपराखाली रचून घेतल्या. पावसाचा एक शिंतोडा लागू दिलेला नाही. भट्टीचा तळ झाला, भिंती उभ्या राहत आहेत. कलकत्त्याचे सल्लागार इंजिनिअर दोन दिवस येऊन गेले. त्यांनी सर्व नकाशांवर सह्या केल्या, आमच्या गेस्ट हाउसच्या आंब्यांची वाखाणणी केली आणि आता ते भट्टी पेटवण्याच्या मुहूर्तालाच येतील. ताराचंदजींनी जुलैची दहा तारीख धरली आहे.

ठोकळेही आले. मुंबई बंदरातून एका वॅगनमध्ये, पेंढ्यात गुंडाळून, एकूण शहाण्णव. दिसायला फार देखणे आहेत. हात फिरवला तर संगमरवरासारखे लागतात.

एक शंका. असे समजा की एखाद्या कारखान्यात, आमच्या नव्हे, गळ्याला चुकून साधे ठोकळे बसले. तर तो गळा साधारण किती दिवस टिकेल? वर्ष, दीड वर्ष? त्याआधी काही सूचना मिळते का, म्हणजे रंग बदलणे वगैरे? मला या विषयात गोडी निर्माण झाली आहे.

गोपिकाताईंची प्रकृती ठीक असेल. रुपराव रोज दिसतात, नमस्कार करतात. हल्ली मी जरा घाईत असतो, थांबून बोलणे होत नाही.

आपला,
वसंत हरकरे

*

(पोस्टकार्ड)

कुही, १८ जून

हरकरे बाबू, रामराम. समजा नका करू. वजन केलं का? किती भरलं ते लिहा. रुपराव सांगून राहिला का तुमी त्याले पाहून गोदामात शिरता. काहून?

शालिकराम

*

नागपूर,
२३ जून १९६९

शालिकरामजींस नमस्कार.

तुमचे कार्ड पोस्टमनने आधी आवक कारकुनाला दिले, त्याने ते वाचून मला दिले, आणि 'कशाचे वजन, साहेब?' असे विचारले. मी म्हणालो, रद्दीचे. इतके सहज खोटे बोलता येते हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

वजन केले. काट्यावर नव्हे, तेवढे धैर्य झाले नाही. रेल्वेची पावती समोर घेऊन भागाकार केला. ठोकळ्याचे माप साठ, चाळीस, तीस सेंटिमीटर. भरीव असता तर एक ठोकळा दोनशे साठ किलो भरला असता. भागाकार आला दोनशे चौतीस. मी तो तीनदा केला. प्रत्येकाच्या पोटात कळशीभर काहीच नाही, असे शहाण्णव ठोकळे मी परदेशातून मागवले आहेत.

पावतीने मला नवे काही सांगितले नाही. हे मला तुमचे पहिले पत्र येण्याच्या आधीपासून ठाऊक होते. म्हणूनच पहिले पत्र लिहिले.

झाले ते असे. चौसष्टच्या भट्टीच्या मागणीपत्रात माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने एकच माप दोन ओळींत लिहिले होते, एका ओळीत अठ्ठ्याऐंशी ठोकळे, दुसऱ्या ओळीत आठ. खरेदी खात्याचा नियम आहे, एक माप, एक ओळ. त्यामुळे दर घासाघीस करून मिळतो आणि रजिस्टर स्वच्छ राहते. मला वाटले, म्हातारबुवांना बेरीज येत नव्हती. मी दोन्ही ओळी एक केल्या, साध्याच्या दराने शहाण्णव. ताराचंदजींना बचतीचा आकडा इतका आवडला की मला काटकसरीबद्दल प्रशंसापत्र मिळाले. ते मी काचेच्या चौकटीत घालून खुर्चीमागे टांगले. दुसऱ्या ओळीत शेवटी एक बारीक शब्द होता. तो मी मे महिन्यात वाचला, जुनी फाइल कपाटात परत ठेवताना. 'भरीव.'

आता परत मागवायचे तर आयात परवाना, जहाज, बंदर, आठ महिने. आठ महिने भट्टी थंड म्हणजे तीनशे माणसे घरी. न मागवावे तर गळ्यापाशी रुपराव. मी रोज सकाळी गोदामात जाऊन त्या आठ जागांसाठी ठेवलेल्या ठोकळ्यांकडे पाहतो. ते फार देखणे आहेत, हे मागे लिहिलेच आहे.

घरी चारुशीलाला सांगितलेले नाही. ती म्हणते, जेवण कमी झाले आहे, उन्हामुळे असेल.

काय करू?

वसंत

*

कुही,
२७ जून १९६९

हरकरे बाबू,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून पायरीवर ठेवून देलं अन् बैलायले पानी दाखवाले गेलो. आल्यावर पुन्हा वाचलं.

मले राग आला तो चुकीचा नाई. दोन ओळी एक केल्या, ते तुमचं कामच तसं. भट्टी न पाह्यलेल्या मानसाले दोनदा लिहलेलं चूकच वाटन. राग याचा का माह्या जावयाच्या जिवाची गोष्ट तुमी मले 'दुसऱ्या कारखान्यात' म्हनून इचारली.

आता ऐका. परत मागवू नका, त्याले येळ नाई. सगळे ठोकळे साधे असले तरी सगळे सारखे नसतात. ओततानी कोनाची पोकळी मोठी होते, कोनाची मुठीएवढी. जे भिंतीत बसले ते बसले. उरले किती? पन्नास-साठ असतीन. ते एकूनएक काट्यावर चढवा. जड जड निवडा. मंग मी येऊन ठोकून पाहीन. त्यातून आठ निंघाले त नशीब. गळ्यात त्यायचं ओतायचं तोंड बाहेर, काचेकडे कोरी बाजू. बाहेरून हवेचे पाइप दोनाचे चार करा.

हे केल्यावरही ही भट्टी चार-पाच वर्साची नाई. दोन वर्स. दोन वर्सानं इझवाच लागन, अन् तवर भरीव ठोकळे गोदामात येऊन पडले पाह्यजे. हे तुमच्या डोक्यात राहून उपेग नाई. तुमची बदली झाली, ताराचंदजी गेले, त मंग कोनाले ठाऊक? ते कागदावर लिहा, तुमच्या सहीनं, ताराचंदजीच्या हातात द्या. नाई लिहलं त रुपरावले मी घरी घेऊन येतो. धान रोवता येते त्याले.

तीन तारखेच्या पहिल्या बसनं येतो. काट्याची तजवीज करून ठेवा. अन् जेवत जा, चारुशीलाबाईचा काही दोष नाई यात.

शालिकराम

*

नागपूर,
१२ जुलै १९६९

शालिकरामजींस सा. नमस्कार.

तुम्ही सहा तारखेला बसमध्ये चढलात आणि पुढे काय झाले ते तुम्हाला कळलेच पाहिजे, म्हणून लिहितो. मला आता लिहायला भरपूर वेळ आहे. त्याचे कारण ओघात येईल.

त्या चार दिवसांत छप्पन ठोकळे भंगाराच्या काट्यावर चढले आणि उतरले. मी खरेदी अधिकारी, म्हणजे आजवर माल पाहिला तो कागदावर. माझ्या एका ओळीचे वजन किती असते ते सहा हमाल आणि एक साखळी यांच्याकडून प्रथम समजले. तुम्ही प्रत्येक ठोकळ्यावर कान ठेवून हातोडीने टकटक करत होतात तेव्हा सगळा कारखाना गप्प होता. आमच्या कारखान्यात एवढी शांतता फक्त पगाराच्या दिवशी रांगेत असते. आठांपैकी सहा निघाले. उरलेल्या दोनांवर तुम्ही पुन्हा पुन्हा कान लावलात, मग उठून धोतर झटकलेत. तुमचे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. 'हे दोन आमच्या भरोशाचे नाई. बसवा, पन भरोशाचे नाई.' ते दोन्ही बाहेर पडणाऱ्या टोकाला बसवले, जिथे काच थोडी निवलेली असते. रुपराव बसवताना शीळ घालत होते. मला ती शीळ सहन होईना, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग कागद. माझा पहिला मसुदा तुम्ही बसस्टँडवर वाचलात. 'असे निदर्शनास आले आहे की' यावर बोट ठेवून विचारलेत, 'कोनाच्या? अन् केलं कोनं?' वीस वर्षांत माझ्या मराठीवर एवढी नेमकी टीका कोणी केली नव्हती. घरी येऊन पुन्हा लिहिला. 'मी दोन ओळी एक केल्या. त्यामुळे गळ्यासाठी भरीव ठोकळे आले नाहीत. ही भट्टी जुलै १९७१ मध्ये विझवावी. तोपर्यंत गळ्याचे आठ भरीव ठोकळे मागवून ठेवावेत.' चार वाक्ये. आवक विभागात नेऊन शिक्का मारून घेतला, क्रमांक ४१७, आणि मगच ताराचंदजींकडे गेलो. कारकुनाला एवढी एकच लबाडी येते. शिक्का बसलेला कागद हरवत नाही.

त्यांनी वाचला. चहा मागवला. आणखी कोणाला माहीत आहे, हे विचारले. मग अगदी मायेने म्हणाले की, हरकरे, मुहूर्त चार दिवसांवर आहे, तुमचा स्वभाव घाबरट, हा कागद तुम्ही परत घ्या, मी पाहिलाच नाही असे समजतो. त्यांनी तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी पराक्रम केला असे समजू नका. मी फक्त हात पुढे केला नाही. कागद बराच वेळ टेबलाच्या मधोमध पडून होता. शेवटी त्यांनी तो ओढून घेतला आणि समासात लिहिले, 'दोन वर्षे. मागणी करावी.' आणि त्याखाली, 'हरकरे यांना चौकशी होईतो कामावरून दूर ठेवावे.'

म्हणून मी घरी आहे. प्रशंसापत्र आणायचे विसरलो, ते तिथेच टांगलेले असेल. चारुशीलाला सर्व सांगितले. ती म्हणाली की, मे महिन्यात सांगितले असते तर मी तुम्हाला तेव्हाच कुहीला पाठवले असते.

दहा तारखेला भट्टी पेटली. मला आत जायला मनाई आहे. गच्चीवरून धुराडे दिसते, ते मी पाहतो. रुपराव निरोप देऊन जातात, आज दोनशे अंश, आज दोनशे साठ, छत फुगते आहे, बोल्ट सैल करतो आहोत. बावीस तारखेला काच गळ्यातून पलीकडे जाईल म्हणतात. आज बारा आहे. दिवस जात नाहीत, शालिकरामजी. मी पंचांगसुद्धा वाचून काढले.

आपला,
वसंत

*

कुही,
१७ जुलै १९६९

हरकरे बाबूले रामराम.

पत्र भेटलं. कागद चांगला लिहला. पहिल्यापासून तसा लिहता येत होता त इतके वर्स काहून लपवून ठेवलं?

घरी बसवलं त बसा. धुराड्याकडे पाहून भट्टी कळत नाई, मान तेवढी दुखते. ज्यायनं बसवलं त्यायले तुमच्याबिगर दोन महिने काढू द्या, मंग तेच बोलावतीन.

इकडे पानी चांगलं झालं. आमच्या धानाचा रोवना, तुमी लावनी म्हनता तो, मी नागपूरले होतो तवाच आला, परे म्हंजे रोपं पिवळे पडाले लागले होते. बाजूच्या वावरातल्या बापूजीनं मले न इचारता त्यायचे मानसं चार दिवस आमच्या बांधीत लावले अन् रोवून टाकलं. आता त्यायच्या खालच्या बांध्या राह्यल्या. इकडे दिवसाले दिवस देतात, पैसे नाई चालत, पैसे देले त मानूस रुसते. म्हनजे मले चार दिवस त्यायच्या चिखलात वाकाचं हाये. गुडघा नाई म्हनते. पन देल्याबिगर राह्यता येत नाई.

ते आता मागं पडलं, कारन गोपिकाचा निरोप आला. डाक्टरीन म्हने आजच येऊन भरती व्हा, पाय सुजले. धंतोलीत दवाखान्यात ठेवली हाये. मी उद्या निंघतो. बावीसले रुपरावच्या बाजूले मी उभा राहीन. त्याले सांगून ठेवलं, पाइप धरताना तोंड दाराकडे पाह्यजे. तो हासते. हासू दे.

शालिकराम

*

नागपूर, रुपरावच्या क्वार्टरमधून
२३ जुलै १९६९

हरकरे बाबू,

काल सकाळी साडेनवाले काच गळ्यातून पल्याड गेली. तुमाले सांगाले मी स्वतः तुमच्या घरी आलतो. चारुशीलाबाई म्हने बाहेरगावी गेले, दोन दिवस झाले, कुठं ते सांगू नका म्हनाले. म्हनून हे पत्र त्यायच्याच हातात देऊन राहिलो, आले का वाचा. मले वाटलं तुमी घाबरून पळाले. पळाले असान तरी मी काही म्हनत नाई.

झालं ते सांगतो. सहा ठोकळे बसले तसे बसले. भरोशाचे नव्हते त्या दोनापैकी एकाच्या जोडातून थेंब आला, मुंगीएवढा. लाल. मी पाह्यला. रुपरावनं पाइप तिकडे वळवला. थेंब तिथंच काळा पडला, गोठला. मंग कितीतरी येळ आमी दोघं त्याच्याकडेच पाहत होतो. दुसरा नाई आला. त्यानं त्याच्याभोवती खडूनं गोल काढला अन् मले म्हने, मामांजी, आता हा हालला का मले दिसन. तवा मले कळलं, शीळ घालते पन पोट्टं सगळं पाहत असते.

ताराचंदजी पेढे वाटून गेले. खडूचा गोल कोनी काढला, पुसून टाका, पाव्हने येनार हायेत, म्हने. रुपरावनं हो म्हटलं अन् ते गेल्यावर गेरूनं काढला.

गोपिकाले परवा दुपारी मुलगी झाली. नर्स सांगाले आली त म्या पहिले वजनच इचारलं. सहा पौंड. नर्स म्हने, बाबा, पोरगी हाये का पोरगा हे त इचारा.

आता रोज तो गोल पाहनं आलं. दोन वर्स. मी अजून आठ-दहा दिवस इथंच हाये. तुमी कुठं गेलते?

शालिकराम

*

नागपूर,
२६ जुलै १९६९

शालिकरामजींस सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आल्या आल्या चारुशीलाने हातात ठेवले आणि पाणीही न देता समोर बसून राहिली. मी मोठ्याने वाचले. मुंगीएवढ्या थेंबापाशी थांबलो, तेव्हा तिने पत्र काढून घेऊन पुढचे स्वतः वाचले.

गोपिकाताईंना आणि रुपरावांना अभिनंदन कळवा. उद्या दवाखान्यात येतो. तो गेरूचा गोल मला कधी पाहता येईल कोण जाणे. चौकशी समितीने ऑगस्टच्या सोळा तारखेला बोलावले आहे. मी चार वाक्यांपेक्षा जास्त काही सांगणार नाही. फक्त १९७१ ची मागणी गेली की नाही, एवढे विचारीन. दर महिन्याला विचारीन. मला ठेवले तरी आणि काढले तरी. काढले, तर पोस्टाने विचारीन.

बावीस तारखेला सकाळी साडेनऊ वाजता मी गुडघाभर चिखलात उभा होतो. घड्याळ बांधावर काढून ठेवले होते आणि दर पाच मिनिटांनी तिकडे जात होतो, त्यामुळे बाया हसत होत्या. त्यांनी मला परे उपटायला दिले होते. मूळ तुटू न देता उपटायचे, मुठीएवढी पेंढी बांधायची, पुढे टाकायची. माझ्या पेंढ्या सुटत होत्या. रंभाबाई नावाच्या एक आजी माझ्या मागून येऊन त्या पुन्हा बांधत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. त्यांच्या न बोलण्यापुढे ताराचंदजींचे शेरे काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी थोड्या कमी सुटल्या. तिसऱ्या दिवशी कंबर माझी राहिली नाही. चौथ्या दिवशी आजींनी मला स्वतःच्या शिदोरीतली भाकर दिली, त्यावरून काम चालण्यासारखे झाले असावे.

बापूजी सज्जन आहेत. कोण, कुठले, विचारले नाही. कोणाच्या नावावर धरायचे, एवढेच विचारले. मी तुमचे सांगितले.

तेव्हा तुम्ही कुहीला परतलात की सावकाश जा, गुडघ्याला तेल लावून बसा. खालच्या बांध्या रोवून झाल्या आहेत. बापूजींपाशी त्या चार दिवसांचा विषय काढू नका, तो आता उरलेला नाही.

आपला,
वसंत हरकरे